गाडी डावीकडे ओढते

"गाडी डावीकडे ओढतीय," असं मी म्हणाले, तेव्हा नवऱ्याने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला आणि मगच उत्तर दिलं.

"गाडी न्हाई ओढत. तू ओढतीस."

विषय संपला. आमच्या घरात गाडीबद्दल तो बोलला की विषय संपायचाच. त्याची सगळी नोकरी मिलिटरीत तीनटनी ट्रक चालवण्यात गेली. बर्फात चालवला, वाळवंटात चालवला, आणि कुठे साधा ओरखडासुद्धा उठू दिला नाही, हे पलूसच्या आसपास ज्याला ऐकायचं होतं त्यानेही ऐकलंय आणि ज्याला नको होतं त्यानेही. गावात कुणाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा असला तरी आधी याला नेऊन दाखवतात. आणि मी कोण? चाळिशी उलटल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझ्याच जुन्या विद्यार्थिनींच्या रांगेत उभी राहून गाडी शिकलेली शाळेतली बाई. त्याने मला शिकवायला साफ नकार दिला होता. बायकोला गाडी शिकवली की संसार मोडतो म्हणे. संसार कशाकशाने मोडतो याची त्याला फारच माहिती होती.

गाडी मात्र माझी होती. माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या नावावरची, छोटी पांढरी गाडी. ती घेतली ती आईसाठी.

माझी आई कोयनानगरला एकटी राहते. वडील धरणाच्या कामावर होते. निवृत्तीनंतर त्यांनी तिथेच जवळ दोन खोल्या बांधल्या आणि ते गेल्यावर आई तिथून हलायला तयार नाही. जमीन हलली की फडताळातल्या बरण्यांना हात लावून उभी राहते, थांबली की पुन्हा कामाला लागते. आमच्याकडे यायचं म्हटलं की लेकीच्या घरी किती दिवस राहायचं असतं ते ऐकवते. मी एकुलती एक. एसटीने जायचं तर कऱ्हाडला उतरा, पाटणची धरा, पुढची मिळाली तर मिळाली, तिच्या हातचा चहा घेईस्तोवर परतायची वेळ झालेली. गाडी आली आणि माझे रविवार मोकळे झाले. सकाळी निघायचं, आईला घेऊन कऱ्हाडला जायचं, साखर तपासायची, डोळे दाखवायचे, हॉटेलात डोसा खायचा आणि तिला परत सोडायचं. ती पुढच्या सीटवर बसायची. इस्त्रीचं लुगडं नेसायची आणि घरापासून नाक्यापर्यंत काच खाली ठेवायची. थंडी असली तरी. शेजारणींना दिसायला पाहिजे ना. "माजी लेक चालवती," असं ती रस्त्यावरच्या भाजीवालीलाही सांगायची, भाजी घ्यायची नसली तरी.

एवढंच सुख होतं. ते कुणाच्या डोळ्यांवर येईल असं मला वाटलं नव्हतं.

झालं असं. दिवाळीनंतर नवऱ्याने एकदा गाडी नेली आणि संध्याकाळी मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी आला. गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणाला. मला बरं वाटलं. आपणहून काळजी घेतली म्हणून मी त्या रात्री त्याच्या आवडीचं कालवणसुद्धा केलं. काही दिवसांनी गाडी आली ती धुऊन पुसून, आतून वासबीस मारून. "अलाइनमेंटपन करून आनलीया," तो म्हणाला. "आता लोन्यावानी चालंल."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना सरळ रस्त्यावर स्टेअरिंगवरचा हात जरा सैल केला, तर गाडी हळूच डावीकडे, साइडपट्टीकडे निघाली. मी सावरली. पुन्हा सैल केला, पुन्हा तेच. स्टेअरिंग सरळ होतं, रस्ता सरळ होता, फक्त गाडीचं मन उसाच्या फडात होतं.

त्या दिवशी जेवताना मी ते बोलले, आणि वर लिहिलं ते उत्तर मिळालं.

नंतर त्याने उदार होऊन कारण समजावलं. रस्ता मधे फुगीर असतो, पाणी जावं म्हणून दोन्हीकडे उतरता असतो, त्यामुळे कुठलीही गाडी थोडी डावीकडे जातेच. खरं होतं ते. मी सातवीला विज्ञान शिकवते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, हे मुलांना सांगून माझा घसा बसलाय. म्हणून मी पहाटे, रस्ता रिकामा असताना, गाडी बरोबर मधोमध चालवून पाहिली. डावीकडे. मग उजव्या बाजूने, म्हणजे उतार उजवीकडे येईल अशी, जीव मुठीत धरून चालवून पाहिली. तरी डावीकडे. आता रस्त्याचा काय दोष?

मी त्याला शेजारी बसवून दाखवलं. तो म्हणाला, हात घट्ट धरतीस, म्हणून ओढल्यावानी वाटतंय. मग तो स्वतः चालवायला बसला. "कुठं ओढती? सरळ चाललीया की." गाडी सरळ चालली होती. पण मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. मनगटापासून कोपरापर्यंतची शीर टरटरून वर आली होती. मिलिटरीतला माणूस, दमला असेल, असं मनाशी म्हटलं. इतकी मी भली होते.

अलाइनमेंट बिघडली असेल म्हणून मी पुन्हा करून घेतली, दुसऱ्या दुकानात. त्या मुलाने चाकांना आरसे लावले, स्क्रीनवर आकडे आले, सगळे हिरवे. "मॅडम, ओके हाय सगळं." बाहेर काढली तर डावीकडे. परत नेली, तर परत हिरवे. घरी सांगितलं तर नवऱ्याला हसू आवरेना. "मशीन खोटं बोलतंय व्हय? आं? मशीन बी खोटं, मी बी खोटा, तू येकटी खरी." शेजारचे दोघे बसले होते, तेही हसले. जरा जास्तच हसले. तेव्हा मला फक्त अपमान दिसला, त्या हसण्यातलं बाकीचं दिसलं नाही.

मग एका रविवारी पाटणच्या पुढे एका वळणावर समोरून डंपर आला. मी जरा बाजूला घेतलं, आणि उरलेलं गाडीने स्वतःच घेतलं. डावं चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं, खडीवर खरखरलं, मी दाबून वर घेतली. झालं काहीच नाही. आईच्या दारात गाडी लावल्यावर मी आधी डावं चाक बघून आले, इतकंच. घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं, कारण मला वाटलं आता तरी तो गाडी नीट बघेल.

त्याने गाडी बघितली नाही. त्याने आईला फोन केला. मी आत भांडी लावत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"मामी, तिला घाटात गाडी घिऊन बोलवत जाऊ नगा. तिच्या हातात गाडी ऱ्हात न्हाई. आज थोडक्यात वाचली. मी ड्रायव्हर मानूस हाय, मला कळतंय. काय झालं म्हंजे तुमाला आनि मला तोंड दाखवाया जागा न्हाई."

किती काळजीचा सूर होता. पोटात कळवळा आल्यासारखा. आई दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "माजी शप्पत हाय तुला. गाडी घिऊन यायचं न्हाई. एसटीनं ये, न्हाईतर येऊ नगंस."

नवऱ्याने किल्ली काढून घेतली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं. आईच्या शपथेशी कसं भांडायचं? मी एसटीने जायला लागले आणि हळूहळू जाणंच कमी झालं. कधी शाळेच्या परीक्षा, कधी कऱ्हाडलाच पुढची गाडी चुकली म्हणून अर्ध्यातून परत. आईच्या डोळ्यांची तपासणी राहिली. फोनवर ती म्हणायची, दिसतंय की मला, ताट दिसतंय, दार दिसतंय, आजून काय बघायचंय?

आणि खरं सांगते, मी स्वतःवरच संशय घ्यायला लागले. चपाती लाटताना बघायची, डावीकडे जाड राहते का. फळ्यावर ओळ लिहिली की मागे जाऊन बघायची, खाली तर उतरली नाही. शाळेतले एक सर रोज गेटवर म्हणायचे, "बाई, आज सरळ आलात का?" मीही हसायची. एका माणसाच्या खोट्याने दुसऱ्याचे हात असे लुळे करता येतात, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

पण शाळेपर्यंत गाडी चालवतच होते, आणि गाडी डावीकडे जातच होती. शेवटी मी ठरवलं, मुलांना शिकवते ते आपण करायचं.

आधी हवा. चारही चाकांत सारखी भरली. डावीकडे.

मग पुढची दोन टायरं उजवी-डावी अदलाबदल करून घेतली. टायरमध्ये दोष असता तर गाडी आता उजवीकडे ओढायला लागली असती. तरीही डावीकडेच. पंक्चरवाल्याने विचारलं, नवीच तर हायत, कशाला बदलताय? मी म्हटलं, प्रयोग आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला हसूच आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

मग ब्रेक. एखादा ब्रेक चिकटून राहिला तर गाडी त्या बाजूला ओढते आणि ते चाक तापतं. तासगावच्या रस्त्याने दूरवर चालवून आणली, उतरून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात धरला. दोन्ही सारखीच कोमट. जॅक लावून चाक हाताने फिरवून पाहिलं, ते मोकळं फिरत होतं.

मग मोबाइलवर कुठल्याशा हिंदी बोलणाऱ्या मेकॅनिकच्या व्हिडिओत पाहिलेलं करायचं उरलं. पुढचं चाक सरळ ठेवून त्याच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं. मी शाळेच्या पटांगणात, सगळे गेल्यावर, शिवणाची टेप लावली. पुरेना. मग सुतळी घेतली. उजवीकडच्या मापाला गाठ मारली आणि तीच सुतळी डावीकडे लावली. गाठ चाकाच्या मध्याच्या पुढे बोटभर बाहेर आली.

म्हणजे डावीकडे अंतर कमी होतं; पुढचं डावं चाक मागे सरकलं होतं. चाकाची दिशा बरोबर होती, म्हणून मशीन हिरवं दाखवत होतं. दुकानवाल्यांनी तेवढंच मोजलं होतं. चाकच जागेवर नव्हतं, ते कुणी मोजलंच नव्हतं.

सुतळी हातात धरून मी पटांगणातच खाली बसले. आनंदाने रडू आलं म्हणतात, तसलं काही नाही. मला राग आला. चाक आपोआप मागे जात नाही. मी तर कुठेच आपटवली नव्हती. पाटणच्या पुढे चाक खडीवर उतरलं, पण गाडी त्याच्या कितीतरी आधीपासून ओढत होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गाडी सांगलीला नेली, जिथे नवऱ्याला कुणी ओळखत नाही अशा गॅरेजात. मालक तोंडात मावा भरलेला, बोलघेवडा, सगळ्या जगाला अक्कल शिकवणारा. गाडी वर उचलली, खाली जाऊन टॉर्च मारला आणि ओरडला, "ताई, हिकडं या."

चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात असतो, त्याला ते आर्म म्हणतात. उजवीकडचा आर्म धुळीने मळलेला, गंजलेला, जसा असायला पाहिजे तसा. डावीकडच्याला काळा रंग. रंगाखाली हातोड्याचे घाव.

"ह्यो गरम करून ठोकून सरळ केलाय. सरळ कसला, वाकडाच हाय अजून. रंग मारलाय वरनं, दिसू नये म्हनून. असं न्हाई करायचं, ह्यो नवाच घालावा लागतोय." मग त्याने मावा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि सहज विचारलं, "शर्यतीला गेलती का गाडी? छकड्याबरूबर पळवत्यात, बांध दिसत न्हाई धुरळ्यात. मैदान झालं की अशा लय येत्यात आमच्याकडं."

आमच्याकडे बैलांची शर्यत म्हणजे काय असतं ते सांगायला नको. बैल छकड्याला जुंपून सुटले की बाजूने मोटारसायकली, जीपगाड्या, जे असेल ते घेऊन माणसं बेभान पळतात, ओरडत, शिट्ट्या मारत. नवऱ्याच्या जिवलग मित्राची बैलं त्या दिवाळीनंतरच्या मैदानात पहिली आली होती. गुलाल आमच्या दारापर्यंत आला होता. आणि त्याच संध्याकाळी माझी गाडी सर्व्हिसिंगला गेली होती.

मी घरी गेले. तो ओसरीवर होता, तोच मित्र शेजारी. मी उभ्या उभ्या विचारलं, "शर्यतीत गाडी कुठं आपटवलीस?"

मित्र उठला, चप्पल घालून निघाला. जाता जाता म्हणाला, "वहिनी, मी त्याला तवाच म्हनलो व्हतो, सांगून टाक." म्हणजे याला माहीत होतं. शेजारच्या दोघांना माहीत होतं. शाळेतल्या त्या सरांचा भाऊ मैदानात होता, म्हणजे त्यांनाही. दिवाळीपासून सगळं गाव मला सरळ चालायला सांगत होतं.

नवरा जराही गडबडला नाही. "बांधावर चढली. मग? गाडी घरातलीच हाय. कुनाची मागून आनली न्हवती."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करायचं व्हतं? दुरुस्त केली न्हवं."

"आणि आईला फोन करून माझ्या हातात गाडी राहत नाही म्हणालास?"

तेव्हा कुठे त्याने नजर वळवली. अंगणातल्या पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणाला, "आता मिलिटरीतला ड्रायव्हर बांधावर गाडी घालतोय, आसं गावात बोलतीलच. घरात तरी नगं म्हनलं." एवढंच. त्याला घरात एक माणूस असं पाहिजे होतं ज्याच्यापुढे तो अजून बर्फातला ड्रायव्हर होता. त्यासाठी माझे दोन हात मोडले तरी चालणार होतं. मला त्याची कीव आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण नाही आली. अजूनही आलेली नाही.

सांगलीत नवा आर्म घातला, पुन्हा अलाइनमेंट केली. मिरजेच्या रस्त्यावर मी दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले. गाडी बाणासारखी सरळ गेली. मी एकटीच गाडीत मोठ्याने त्याला एक शिवी दिली, जी शाळेत मुलांनी दिली तर मी पालकांना बोलावते.

त्यानंतरच्या रविवारी शपथ मोडून मी कोयनानगरला गेले. सगळं सांगितलं तर शपथेचं काही उरणार नाही, असा माझा हिशेब. पूर्ण रस्ता गाडी माझ्या शब्दात होती. कऱ्हाडला आईच्या डोळ्यांची वेळ घेतलेली होती.

आई दारात आली. आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "येकटीच आलीस? ते न्हाई आलं?"

मी तिला बसवून पहिल्यापासून सांगितलं. शर्यत, बांध, आर्म, काळा रंग, सुतळी. तिने सगळं ऐकलं. मधे एकदा पदराने डोळे पुसले, डोळ्यांतून आता सारखंच पाणी येतं तिच्या. मग म्हणाली, "ह्ये कुनाला सांगत बसू नगंस. जावयाचं नाव जातंय."

"बरं. चल आता, उशीर होईल."

तिने लुगडं नेसलं, पिशवी घेतली, अंगणात आली आणि गाडीच्या दारापाशी थांबली. मी दार उघडलं. तिने गाडीच्या टपावर हात ठेवला, आणि काढला.

"एसटीनं जाऊ गं."

"आई, आता गाडी सरळ आहे. मी दाखवते तुला. माझी चूक नव्हतीच कधी."

"मला कळलं ते. ते खोटं बोललं. तू खरी हाईस." तिने माझा हात धरला. "पन ह्या सा म्हैन्यात रोज तू दरीत गेल्याली मला दिसलीस गं. जेवताना दिसलीस, न्हाताना दिसलीस. खोटं त्येंचं व्हतं, पन भ्या खरं व्हतं की माजं. मला न्हाई बसवत तुज्याशेजारी. राग मानू नगंस."

मी आयुष्यात कुणावर एवढी चिडले नसेन, आणि चिडायला समोर कोण होतं, तर ही. मी दार लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली. शेजारीण ओट्यावर उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "गाडी बिघडली का?" आई म्हणाली, "व्हय."

नाक्यावर एसटी आली. खच्चून भरलेली. एका कॉलेजच्या मुलीने उठून आईला जागा दिली, ती बसली, मी दांडी धरून उभी राहिले. ड्रायव्हर एका हाताने मोबाइल कानाला धरून बोलत होता, दुसऱ्या हाताने वळणं घेत होता, समोरून ट्रक आला की ऐनवेळी बाजूला होत होता. प्रत्येक वळणाला माझा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. आईने खिडकीला डोकं टेकलं आणि पाटण यायच्या आतच ती निवांत झोपली.